मिस्त्रींचं बारावं वाक्य

लिफ्टवाल्या मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात कुणाचं काही चालवून घेतलं नव्हतं, आणि ही गोष्ट खुद्द मिस्त्री सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

दाराची बिजागरी कुरकुरली की मिस्त्री तेलाची बुधली घेऊन हजर. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं की ते खाली उतरलंच म्हणून समजा, मग ते घड्याळ आपल्या घरचं असो, दवाखान्यातलं असो की ज्याच्या लग्नाला गेलोय त्याच्या हॉलमधलं असो. लोक म्हणत, स्वभाव आहे. मिस्त्री म्हणत, काम आहे. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कान वेगळाच तयार होतो. पाचव्या मजल्यावर लिफ्ट किंचित हिसका देऊन थांबली, तर तळमजल्यावर उभ्या मिस्त्रींच्या पाठीत चमक निघायची. "लिफ्टमधली कुरकुर चालवून घेणारा मिस्त्री एक दिवस पेपरात येतो," असं ते म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तीस वर्षांत त्यांच्या लिफ्टमध्ये कुणाच्या नखाला धक्का लागला नव्हता. गडी कामाला चोख होता. फक्त कामावरून घरी आला की काम संपलं हे त्याला कळत नसे.

अशा माणसावर एके दिवशी साहेबांनी बॉम्ब टाकला. कंपनीकडे नव्या जातीच्या लिफ्ट येणार होत्या. त्यांची पुस्तकं इंग्रजीत, त्यांच्या पडद्यावर बिघाड उमटणार तोही इंग्रजीत. तिसऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत इंग्रजीच्या वर्गाचं प्रमाणपत्र आणेल त्याला नव्या लिफ्ट मिळतील, आणणार नाही त्याला स्टोअर. स्टोअर तळघरात होतं. तिथे दिवसभर बसून नट-बोल्ट मापून द्यायचे. त्या तळघरात वर-खाली होणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिथल्या माणसाचा रक्तदाब. मिस्त्रींना त्या विचारानंच घाम फुटला. लिफ्टशिवाय आपण काय करणार, हे त्यांनी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं, आणि आता ते मनातून जाईना.

म्हणून वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मिस्त्री कपडे धुण्याच्या दुकानावरच्या खोलीत, दर मंगळवारी संध्याकाळी, इतर दहा जणांबरोबर बाकावर बसू लागले. खालून इस्त्रीची वाफ वर यायची आणि सगळा वर्ग थोडा ओलसर असायचा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त होत्या, पण निवृत्ती त्यांना मानवली नव्हती. त्या आठवड्याला एक जोडक्रियापद शिकवत. क्रियापदाला एखादं शेपूट लागलं की त्याचा अर्थ कसा पालटतो, ते तासभर समजावून सांगत, आणि मग घरी एकच वाक्य लिहायला देत. एकच. पण ते खरं हवं.

खरं म्हणजे किती खरं, तर वाक्यात ज्याचं ज्याचं नाव येईल त्याला मराठीत अर्थ सांगायचा आणि त्याची सही आणायची. शंका आली तर बाई त्या माणसाला वर्गात बोलावून घेत. या नियमाला कारण होतं. पूर्वी एका विद्यार्थ्यानं 'लुक आफ्टर' या क्रियापदाचं वाक्य लिहिलं होतं, की मी माझ्या म्हाताऱ्या आईची काळजी घेतो. वाक्यात एक चूक नाही. बाईंनी दहापैकी दहा दिले. पुढच्याच आठवड्यात ती आई जिने चढून वर्गात आली आणि विचारू लागली, माझा मुलगा इथे येतो म्हणतात, दोन महिने दिसला नाही, जरा बघू द्याल का. तेव्हापासून सही.

बारा आठवडे, बारा वाक्यं, बारा वेळा सह्या, मग प्रमाणपत्र. मिस्त्रींची अकरा झाली होती. 'रन आउट ऑफ'च्या वेळी त्यांनी लिहिलं होतं की बायकोचा काळा दोरा संपला, त्यावर बायकोची सही होती. 'लुक फॉर'च्या वेळी लिहिलं होतं की मी चष्मा शोधत होतो आणि सासूबाई बघत होत्या. चष्मा डोक्यावर होता आणि ते सासूबाईंना पहिल्यापासून दिसत होतं, म्हणून त्यांनी फार आनंदानं सही केली होती.

बारावं क्रियापद होतं 'पुट अप विथ'.

"हे तीन शब्द म्हणजे एकत्र कुटुंब आहे," बाई म्हणाल्या. "वेगळे काढलेत तर एकेकाचं तोंड एकेका दिशेला. एकत्र ठेवलेत तर कामाचे. अर्थ काय, तर चालवून घेणं. एखादी गोष्ट आवडत नाही, बदलता येत नाही, सोडून जाता येत नाही, म्हणून आपण ती निमूट चालवून घेतो. निमूट हे महत्त्वाचं. दात दुखला आणि तुम्ही किंचाळलात, तर ते पुट अप विथ नव्हे. आणि आत कुठेतरी कुरकुर हवी. कुरकुरच नसेल तर मग आवडच आहे की."

मिस्त्री मनातल्या मनात हसले. एवढंच ना. चालवून घ्यायला माणसांची काय टंचाई आहे? घरापासून कामापर्यंत नुसता बाजार भरलाय. उलट निवड कशी करायची, हाच त्यांना प्रश्न पडला.

जिना उतरताना त्यांच्या कामावरचा जोडीदार बरोबर होता. तोही वर्गात यायचा. त्याच्या सदऱ्यावर कुठे ना कुठे डाग असायचाच, म्हणून सगळे त्याला ग्रीस म्हणत. ग्रीस साधा, सरळ, आणि आळशी असल्यामुळे हुशार होता.

"सोपं झालं बघ," ग्रीस म्हणाला. "मी तुझ्यावर लिहितो, तू माझ्यावर लिही. उद्या जेवणाच्या सुट्टीत दोघांच्या सह्या. विषय संपला."

"माझ्यावर?" मिस्त्री थांबले. "माझं काय चालवून घेतोस तू?"

"अरे, म्हणजे तसं काही नाही. मी आवळलेला बोल्ट तू सोडून परत आवळतोस, तेवढंच. आणि मी चहा ढवळला की तू परत ढवळतोस."

"ती सुधारणा आहे."

"मी कुठे नाही म्हणतो? मी चालवून घेतो एवढंच म्हणतो."

"मी असल्या कागदावर सही करणार नाही," मिस्त्री म्हणाले. "उद्या साहेबांच्या हातात पडला तर? म्हणतील, मिस्त्रीला लोक चालवून घेतात."

"मग माझीही सही नाही," ग्रीस म्हणाला आणि शांतपणे निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या न्हाव्यावर वाक्य लिहिलं. न्हावी कात्री चालवताना एकच विनोद वर्षानुवर्षं सांगायचा. त्यानं अर्थ ऐकला, मान डोलावली, "मला कल्पना आहे," म्हणाला आणि झोकात सही ठोकली. ग्रीसचं बारावं वाक्य बुधवारी सकाळी साडेनऊलाच झालं.

मिस्त्रींनी सुरुवात घरापासून केली. घरात तिघंच. मिस्त्री, बायको आणि बायकोची आई. बायको घरी मशीनवर कपडे कमी-जास्त करून द्यायची, पँट आखूड करायची, चेन बदलायची. हात सफाईदार होता, पण तोंड फार खरं. "हा रंग तुम्हाला शोभत नाही, कशाला दुरुस्तीला पैसे घालता," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक जायचं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या रंगाचा कपडा घेऊन परत यायचं.

सासूबाईंचा टीव्ही मात्र असा लागायचा की शेजारच्यांना आपला लावायची गरज पडू नये. मिस्त्रींनी वाक्य लिहिलं, नीट घोटलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"याचा अर्थ काय, जावईबापू?" सासूबाईंनी चष्मा लावला.

"अर्थ असा, की तुमचा टीव्ही मोठ्यानं चालतो आणि मी ते निमूटपणे चालवून घेतो."

"निमूटपणे?" सासूबाईंनी चष्मा काढला. "आणि मागच्या गुरुवारी फ्यूज कुणी काढून खिशात घातला होता?"

"तो तपासायला काढला होता."

"त्याच्या आधी त्या आवाजाच्या बटणाखाली बुचाचा तुकडा बसवलात, म्हणजे ते दहाच्या पुढे जाऊच नये. मी काही बोलले नाही. मी तो नखानं काढला." सासूबाईंनी कागद परत दिला. "खोट्या कागदावर मी सही करत नाही. तुमचा नियम आहे ना तो? मग मीच लिहिते की मी काय चालवून घेते ते. इंग्रजी तेवढं तुम्ही घाला."

मिस्त्री तोंडात मारल्यासारखे बाहेर आले. पण धीर सोडणाऱ्यातले ते नव्हते. एक दार बंद झालं तर त्याची बिजागरी काढून आत शिरायचं, असा त्यांचा खाक्या. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. ते खुर्च्या सरकवायचे. सरकवायचे म्हणजे काय, जणू डोक्यावरून मालगाडी. शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्री कागद घेऊन वर गेले.

पोस्टमास्तरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, अर्थ शांतपणे ऐकला. मग उठून कपाटातून एक फाइल आणली. त्यात मिस्त्रींनी इमारतीच्या मंडळाकडे केलेल्या तक्रारी तारीखवार लावलेल्या होत्या. नऊ होत्या. शेवटच्या तक्रारीला तर नकाशाही जोडला होता, कुठली खुर्ची कुठून कुठे सरकते त्याचा.

"नकाशा छान काढलाय," पोस्टमास्तर म्हणाले. "तो मी आमच्या जावयाला दाखवला. आता खाली बघा."

मिस्त्रींनी खाली पाहिलं. सगळ्या खुर्च्यांच्या पायांत लोकरीचे मोजे होते.

"हे दोन वर्षांपूर्वी घातले. तुम्हाला आवाज येतो का हो आता?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. दोन वर्षं आला नव्हता. खरं तर आवाज थांबल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, राग तेवढा जुन्या भांडवलावर चालू होता.

"नाही येत."

"मग चालवून काय घेताय?" पोस्टमास्तरांनी अगदी मायेनं विचारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मिस्त्री पाणी पिऊन खाली आले.

शनिवारी त्यांनी यादी केली. बसचा कंडक्टर, त्याला त्यांनी सुट्ट्या पैशांवरून वरिष्ठांसमोर उभा केला होता. वाण्याचा वजनकाटा, तो त्यांनी स्वतः दुरुस्त केला होता. कामावरचा गळका नळ, धाकटा मेहुणा, साहेबांची किंचाळणारी खुर्ची. प्रत्येकापुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की आपण याचं काय केलं होतं. यादी संपली तेव्हा पानावर एकही नाव शिल्लक नव्हतं. चोपन्न वर्षांच्या माणसाला जगात एकही गोष्ट निमूट सोसता आलेली नव्हती. मिस्त्रींना पहिल्यांदाच थोडी भीती वाटली, आणि ती फक्त स्टोअरची नव्हती.

पण माणूस कारागीर. जे येत नाही ते शिकायचं. रविवारी दुपारी ते सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, टीव्ही मोठा करा."

"का?"

"मी चालवून घेणार आहे."

सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग विचार केला की अशी संधी पुन्हा येणार नाही, आणि आवाज तीसवर नेला. मालिकेत कुणीतरी कुणाच्या तरी दारात उभं राहून रडत होतं. मिस्त्री गुडघ्यांवर हात ठेवून बसले. दोन मिनिटं गेली. चार गेली. त्यांच्या कपाळावरची शीर उडू लागली. सहाव्या मिनिटाला टीव्हीचा मागचा पत्रा थरथरतोय, असं त्यांच्या कानानं टिपलं. एक स्क्रू ढिला होता. मिस्त्रींनी डोळे मिटले. स्क्रू मिटलेल्या डोळ्यांनाही ऐकू येत होता. नवव्या मिनिटाला त्यांचा उजवा हात आपसूक खिशात गेला, आणि दहाव्या मिनिटाला ते टीव्हीच्या मागे होते.

"दहा मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या अपेक्षेपेक्षा जास्तच टिकलात."

सोमवारची संध्याकाळ झाली. मंगळवारी वर्ग, बुधवारी महिनाअखेर. मिस्त्री बायकोच्या मशीनजवळ स्टुलावर येऊन बसले. ती एका कोटाचं अस्तर शिवत होती.

"मला स्टोअरात घालणार," ते म्हणाले.

"कोण?"

"साहेब. बारावं वाक्य होत नाही. मला काही चालवून घेताच येत नाही."

बायकोनं मशीन थांबवलं. मिस्त्रींनी तिला तिन्ही शब्द सांगितले, अर्थ सांगितला, सासूबाई, पोस्टमास्तर, स्क्रू, सगळं सांगितलं. पोस्टमास्तरांच्या खुर्च्यांच्या मोज्यांपर्यंत आल्यावर ती हसायला लागली ती इतकी, की सुईतला दोरा निघून आला.

"हसतेस काय? तीस वर्षांचा प्रश्न आहे."

"नाही हो, हसत नाही." तिनं डोळे पुसले. "लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही पलंगाखाली पाणसळ लावून बसला होतात, आठवतंय? आई भेटायला आली होती. विचारत होती, जावई कुठे आहेत, आणि तुमचे फक्त पाय बाहेर दिसत होते."

"पलंग डावीकडे कलत होता."

"आणि हे मशीन चारदा उघडलंत. त्याची टकटक मला आवडायची. टाका बरोबर पडतोय की नाही ते मला तिच्यावरून कळायचं. दारं तर अशी करून ठेवलीत, की घरात कोण आलं कोण गेलं पत्ता लागत नाही. परवा मीटर वाचणारा माणूस माझ्या मागे येऊन उभा राहिला, मी ओरडले."

ती सहज बोलत होती, दात-ओठ न खाता, दोरा ओवता ओवता. पण मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो काही फार सुखाचा नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते सगळीकडे चालवून घेणारा शोधत फिरत होते, आणि तो माणूस सत्तावीस वर्षं त्यांच्याच घरात शिवण करत बसला होता.

त्यांनी वही उघडली आणि लिहिलं, 'माय वाइफ पुट्स अप विथ मी.' माझी बायको मला चालवून घेते. आयुष्यात त्यांनी आपल्याविषयी इतकं खरं काही लिहिलं नव्हतं. वाक्यात दोन माणसं, म्हणजे सह्या दोन. पहिली त्यांनी आपली केली आणि वही बायकोपुढे सरकवली.

बायकोनं वाचलं. अर्थ पुन्हा विचारला. मग वही मिटून कोटाच्या खाली ठेवली.

"उद्या मी येते तुमच्या वर्गाला. बाईंना एक विचारायचंय. अर्थ पुरता कळल्याशिवाय सही करू नये."

"विचार की," मिस्त्री म्हणाले. त्यांना वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

मंगळवारी खोली भरलेली होती. खालून वाफ येत होती. ग्रीस मागच्या बाकावर पाय पसरून बसला होता, कारण त्याचं सगळं झालेलं होतं. टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता आणि बाई एकेकाचं वाक्य तपासून त्याचं प्रमाणपत्र त्याच्या हातात देत होत्या. मिस्त्रींची पाळी आली. बाईंनी वाक्य वाचलं, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, सुरेख. पण सही एकच आहे."

"दुसरी इथे आहे," मिस्त्रींनी बायकोला पुढे केलं.

"बाई," बायको म्हणाली, "मला या शब्दांचा अर्थ तुमच्या तोंडून ऐकायचाय."

बाईंनी सांगितला. आवडत नाही, बदलता येत नाही, सोडता येत नाही, म्हणून निमूट चालवून घ्यायचं.

"मग मी सही करणार नाही," बायको म्हणाली. "हे खोटं आहे."

वर्गात कुणीतरी पेन खाली ठेवलं. मिस्त्रींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांचा कान चुकीचं ऐकणारा नव्हता.

"अगं, काल तूच सगळं सांगितलंस," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पलंग, मशीन, मीटरवाला."

"सांगितलं. कुरकुरही करते, रोज करते, आईच्या कानात नाही, यांच्या तोंडावरच सांगते. पण बाई, माझ्याकडे लोक कपडा घेऊन येतात तेव्हा मी आधी बघते, की खरंच बदलायला हवाय का. काही कपडे असे असतात की दिसायला अंगावर ओढल्यासारखे, पण माणसाला त्यातच बरं वाटत असतं. त्याला मी कात्री लावत नाही. यांना मी बदललं नाही ते जमलं नाही म्हणून नव्हे. माझ्या सहीनं असं लिहून ठेवायचं, की सत्तावीस वर्षं मी यांना कसंबसं निभावून नेतेय? मला नाही ते पटत. मला हा माणूस असाच लागतो."

मागच्या बाकावर ग्रीसनं पाय आवरून घेतले.

मिस्त्रींना काय वाटलं ते सांगायचं तर दोन गोष्टी एकदमच सांगाव्या लागतील. एक म्हणजे त्यांचा जीव इतका सुखावला की डोळ्यांत पाणी आलं. सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या कानावर आलं नव्हतं आणि आता अकरा साक्षीदारांसमोर आलं होतं. दुसरी म्हणजे त्यांना तिचा असा राग आला, असा राग आला, की विचारू नका. अगं बाई, हे आजच बोलायचं होतं? काल घरी नाही? परवा नाही? महिनाअखेरच्या आदल्या संध्याकाळी, गठ्ठ्यातलं प्रमाणपत्र नाकासमोर दिसत असताना? डोळ्यांपुढे तळघर आलं, नट-बोल्टांचे खोके आले. एक सही. नुसती एक रेघोटी. तेवढ्यासाठी हिचं खरं बोलणं आडवं आलं होतं.

मिस्त्रींनी बोलायला तोंड उघडलं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे हे प्रकरण खोलून, साफ करून, परत जोडून दिलं असतं. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदर सावरून उभी होती, चेहऱ्यावर ना खंत ना खेद, खरं ते सांगितलं याचं साधं समाधान. हिच्यात कुठला स्क्रू आवळायचा, ते मिस्त्रींना सापडेना. आणि सापडला असता तरी आवळावासा वाटेना. त्यांनी तोंड मिटलं. भिंतीला टेकून ते उभे राहिले.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "मिस्त्री, राग आलाय?"

"आलाय."

"बायकोचं हे खरं बोलणं बदलता येईल?"

"देवालाही नाही येणार."

"सोडून जाल?"

"कुठे जाऊ, बाई? घरी जेवायला परत हिच्याबरोबरच जायचंय."

"आणि आत्ता तुम्ही काही बोललात का तिला?"

मिस्त्री उत्तर द्यायला गेले आणि थबकले. ग्रीस आधी हसला. मग पुढच्या बाकावरचे दोघं हसले. मिस्त्रींना सगळ्यात शेवटी कळलं, पण कळलं तेव्हा त्यांनी झडप घालूनच वही उचलली. जुनं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, की मी माझ्या बायकोचं खरं बोलणं चालवून घेतो. 'पुट अप विथ' हे तिन्ही शब्द त्यांनी एकमेकांना चिकटून लिहिले, मध्ये हवा शिरायला नको म्हणून. खाली आपली सही केली आणि वही बायकोपुढे धरली.

"अर्थ?" बायको म्हणाली.

"तू खरं बोलतेस, त्याचा मला त्रास होतो, आणि मी गप्प बसतो."

"गप्प कधी बसलात?"

"आत्ता. भिंतीपाशी."

"किती वेळ?"

"मी घड्याळ बघत होतो, वहिनी," ग्रीस मागून म्हणाला. "सव्वा मिनिट. मी तीस वर्षं याच्याबरोबर आहे, एवढं कधी पाहिलं नव्हतं."

बायकोनं सासूबाईंच्या तोडीची एक नजर नवऱ्याकडे टाकली. तिनं आठवून पाहिलं, हिशोब बरोबर वाटला. मग तिनं पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट, सावकाश लिहिलं. बाईंनी प्रमाणपत्र गठ्ठ्यातून काढून मिस्त्रींच्या हातात दिलं. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

जिना अंधारा आणि वाफेनं निसरडा होता. बायको पुढे, मिस्त्री मागे, अशी वरात खाली उतरू लागली. नव्या लिफ्ट आपल्या झाल्या, याचा आनंद त्यांना व्हायला हवा होता आणि होतही होता, पण तो रांगेत दुसरा होता. पहिल्या नंबरचा विचार त्यांना पाचव्या पायरीवर आवरेना.

"अगं," ते म्हणाले, "ते वर म्हणालीस ते खरं का? असाच लागतो म्हणालीस ते?"

बायको मागे वळली नाही. कठड्याला धरून ती पुढची पायरी उतरली.

"हो," ती म्हणाली. "पण त्यावर सही मागायची नाही."